उघड्या डोक्याची दुपार

दुकानाच्या फरशीवरची खडूची रेघ अजून तशीच होती, पण त्या सकाळी तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. थोरल्यानं ती मारली होती आणि धाकट्यानं ती पुसलीही नव्हती, ओलांडलीही नव्हती. दोघे भाऊ आपापल्या बाजूला खुर्च्या मांडून गिऱ्हाइकांचे केस कापायचे, आणि एकमेकांना काही सांगायचं असलं की बायकांकरवी सांगायचे. "त्याला म्हणावं, नळ नीट बंद कर." "त्याला म्हणावं, नळ त्याच्याच बाजूचा आहे." हे ऐकून ऐकून दोघी जावांचे कान किटले होते.

आज मात्र दुकान बंद होतं. वरच्या खोलीत, खिडकीजवळच्या आरशापुढे सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर रुमाल नव्हता.

बाहेरच्या माणसाला यात नवल वाटायचं नाही. पण या घरात लाटा घातलेलं डोकं उघडं राहत नसे. केसांना जवसाचा चीक लावायचा, दोन बोटांत केस दाबून त्यांचा वरंबा उभा करायचा, फणी एकदा इकडे आणि एकदा तिकडे ओढायची, आणि लाट बसली की लगेच, श्वास घ्यायच्या आत, रेशमी रुमाल बांधायचा. रुमाल बांधला की झोपा, कूस बदला, काय हवं ते करा, लाट हलायची नाही. सून घरात आली की तिच्या हाती पहिल्यांदा रुमाल पडे, किल्ल्या नंतर. धाकटी या घरात आल्याला कितीतरी वर्षं झाली होती आणि सासूबाईंचे सगळेच्या सगळे केस तिनं आजवर एकदाही पाहिले नव्हते. आज ते खांद्यावर मोकळे पडले होते, पांढरेशुभ्र आणि या वयाला न शोभण्याइतके दाट. धाकटी बघतच राहिली. देवानं एकेका माणसाला काय काय देऊन ठेवलेलं असतं आणि माणूस ते झाकून ठेवतं, असं काहीसं तिच्या मनात आलं.

उजव्या कानामागे तेवढा एक तुकडा भादरलेला होता. तिथं टाके होते. डोक्यातल्या गाठीचा नमुना काढायला डॉक्टरांनी वाट केली होती ती तिथूनच. उद्या सकाळी पुन्हा दवाखान्यात भरती, मग सगळं डोकं भादरायचं आणि मग मोठं ऑपरेशन. काल घरी सोडताना डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, केसांना हात लावा, टाक्यांना नको. आणि डोक्याला काहीही बांधायचं नाही. टोपी नाही, पट्टा नाही, रुमाल तर नाहीच. दुपारची झोप मात्र हवीच हवी.

घरी आल्या आल्या सासूबाईंनी फोन मागवून घेतला होता. फोन केला तो मावशीला, आपल्या पाठच्या बहिणीला. हे दुकान दोघी बहिणींनी मिळून काढलेलं. एक डोकं दोघी मिळून करायच्या, डावी बाजू मावशीची, उजवी सासूबाईंची, आणि मानेच्या वर दोघींच्या लाटा एकमेकींना येऊन मिळायच्या. मग एकदा भर गिऱ्हाइकासमोर सासूबाईंनी मावशीची बाजू विस्कटली आणि पुन्हा आपल्या हातानं घातली. मावशीनं फणी टेबलावर ठेवली आणि ती गेली ती गेलीच. सगळ्या घराला हे ठाऊक होतं आणि कुणी ते बोलत नसे.

फोनवर सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "उद्यानंतर केस नसणार. बघायचे असतील तर ये."

आणि पलीकडून उत्तर आलं होतं, "उद्या संध्याकाळच्या गाडीनं येते. लाटा घालून ठेव."

तेव्हा आज संध्याकाळपर्यंत या डोक्यावर लाटा टिकायला हव्या होत्या. रुमालाशिवाय. आणि मधे झोप होती.

थोरली बाह्या सरसावून तयारच होती. दुकानातल्या लाटा म्हणजे तिचंच काम, सासूबाईंनी तिला हाताला धरून शिकवलेलं. तिच्या लाटा अशा बसत की आखणी करून ओढल्यासारख्या. तिनं फणी उचलली तशा आरशातून सासूबाई म्हणाल्या, "तू नको. धाकटीला दे."

थोरलीचा हात जागच्या जागी थांबला. "माझं काही चुकलं का, आई?"

"तुझं काय चुकणार? तुझा हात म्हणजे माझाच हात, मीच घडवलाय. आज मला माझा हात नकोय."

धाकटीच्या लाटा सैल पडत. ओठाला ओठ लावल्यासारख्या टेकून बसायच्या त्या, ताठ उभ्या राहत नसत. सासूबाई कितीदा तरी म्हणाल्या होत्या, "हे काय, पाणी सांडल्यासारखं!" म्हणून दुकानात तिच्याकडे केस धुण्याचं काम होतं, लाटांचं नाही. तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं फणी तिच्या हातात दिली. आपटली नाही, पण हळूही ठेवली नाही.

"आई, माझ्या लाटा तुम्हाला आवडत नाहीत," धाकटी म्हणाली.

"आवडायचं कोण बोललं? घाल."

मग धाकटीनं घातल्या. पहिला वरंबा तिनं जपून, मोजून उभा केला. दुसऱ्यापासून मात्र ती आपलं भान विसरली. असे केस तिनं कधी हाताळले नव्हते. बोटांखाली दाबले की दबायचे, सोडले की तिथंच थांबायचे, जणू आपल्याला काय सांगितलंय ते त्यांना कळत होतं. टाक्यांच्या वरच्या अंगाला तिनं फणी इतकी हलकी चालवली की सासूबाईंची पापणीसुद्धा हलली नाही. उजवी बाजू, मग मागचं, मग डावी बाजू. कपाळापासून मानेपर्यंत पांढऱ्या लाटा उतरत गेल्या आणि खिडकीतलं ऊन त्यांच्या माथ्यांवर थांबून राहिलं. थोरली भिंतीला टेकून उभी होती. नाक मुरडायचं म्हणूनच ती थांबली असावी, पण नाक मुरडायचं राहूनच गेलं. ती पुढे आली आणि खुर्चीमागे जावेच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

शेवटची लाट बसली. आणि मग ते झालं.

झालं ते इतकं सहज की तिघींपैकी एकीलाही आधी कळलं नाही. रोज या क्षणी हात जे करत तेच हातांनी केलं. थोरलीनं दोन्ही टोकं धरली, रुमाल डोक्यावरून मागे घेतला आणि उजव्या कानामागे, नेहमीच्या जागी, नेहमीची घट्ट गाठ मारली.

सासूबाई किंचाळल्या. त्या बाईच्या तोंडून तसा आवाज धाकटीनं कधी ऐकला नव्हता. थोरलीनं हात भाजल्यासारखी गाठ सोडली, रुमाल ओढून काढला, आणि रुमालाबरोबर उजव्या बाजूच्या लाटा फरफटत गेल्या. कानापासून मागेपर्यंत सगळा चोळामोळा झाला.

खालून दोघे भाऊ दोन वेगळ्या जिन्यांनी धावत आले. धाकट्यानं टाके पाहिले, कडेला रक्ताचा एक थेंब पाहिला, आणि तो बायकोकडे वळून ओरडला, "विचार त्याला, त्याच्या बायकोला आज तरी हेवा आवरला नाही का?"

"त्याला म्हणावं, जीभ आवर!" थोरला आपल्या बायकोला म्हणाला.

"मुद्दाम केलंय हे! आईनं फणी हिला दिली म्हणून!" धाकटा पुन्हा ओरडला.

थोरलीचे दोन्ही हात अजून हवेत होते, बोटं गाठ मारण्याच्या बेतात वळलेली. धाकटीनं त्या हातांकडे पाहिलं. आणि तिला आठवलं. थोरलीनं रुमाल आणला नव्हता. रुमाल आरशाखालच्या खणात होता, आणि खण होता धाकटीच्या डाव्या हाताशी.

"रुमाल मी दिला," ती म्हणाली.

"काय?" नवरा म्हणाला.

"वहिनींनी मागितला नव्हता. शेवटची लाट बसली आणि मीच खणातून काढून पुढे केला. त्यांनी बांधला. दोघींपैकी एकीनंही विचार केला नाही. कुणावर ओरडायचं असेल तर माझ्यावरही ओरड."

धाकट्याला आता कुणाची बाजू घ्यावी ते कळेना. थोरल्याला बायकोची बाजू घ्यायची तर भावजयीची घ्यावी लागत होती. सासूबाईंनी एका हातानं कानामागे टिपलं, बोटावरचा थेंब बघितला आणि म्हणाल्या, "टाका सुटलेला नाही. आरडाओरडा पुरे. उजवी बाजू गेली ना?"

"गेली," धाकटी म्हणाली.

"गाडी संध्याकाळची आहे. घाल पुन्हा."

धाकटीनं फणी उचलली. तिचे हात स्थिर होते, ती घालू शकली असती. पण समोर आरशात थोरली दिसत होती, डोळे गळत असलेली, हात पोटाशी धरलेली. आपली मोडलेली बाजू आपणच घालायची आणि हिनं बघत उभं राहायचं? मग ही फणी टेबलावर ठेवून गेली तर? या घरातून अशी एक गेलीच होती.

तिनं फणी थोरलीपुढे धरली. "वहिनी, ही बाजू तुम्ही घाला."

"मी? आता?" थोरलीनं सासूबाईंकडे पाहिलं. "त्यांना माझा हात नकोय."

आरशातून सासूबाईंनी दोघींकडे पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले. "बघतेस काय? घाल."

थोरलीनं डोळे पुसले, बोटं चिकात बुडवली आणि उजवी बाजू घातली. तिच्या हाताची लाट, ताठ आणि नेमकी. मागे, मानेच्या वर, तिची शेवटची लाट धाकटीच्या शेवटच्या लाटेपाशी आली तेव्हा थोरली अडली. तिचा वरंबा उंच होता, जावेचा बसका. धाकटीनं पुढे होऊन आपली लाट बोटानं जराशी उचलली, थोरलीनं आपली जराशी दाबली. मिळाल्या. दोघींनी एकदमच श्वास सोडला.

आता प्रश्न झोपेचा होता.

उशीवर रेशमी कापड घालून झालं, पण डोकं टेकलं की मागच्या लाटा चेपणारच. धाकट्यानं टॉवेलची गुंडाळी करून मानेखाली दिली. सासूबाईंना गुंगी आली तसं डोकं हळूहळू उजवीकडे, टाक्यांकडे कलायला लागलं, आणि धाकटीनं झेप घेऊन ते दोन्ही तळहातांत धरलं. टॉवेलला काय कळणार, डोकं कधी कलायचं ते? हाताला मात्र कळलं. मान जड व्हायला लागली की हात आधीच घट्ट व्हायचा, कलायला निघाली की बोटं आपोआप सावरायची. केस संपतात तिथं, मानेच्या घळीत तळहात, आणि वरच्या लाटा सगळ्या मोकळ्या हवेत. सासूबाईंचा श्वास लांब झाला.

"झोपल्या," थोरली कुजबुजली. "आता सोडू नकोस."

"किती वेळ धरू?"

"गाडी येईपर्यंत."

धाकटीनं धरलं. माणसाचं डोकं इतकं जड असतं हे तिला माहीत नव्हतं. या डोक्यानं हे घर चालवलं, दोन मुलं वाढवली, दोन सुनांना धाकात ठेवलं, एक बहीण घालवली आणि आता तिला बोलावलं, आणि ते सगळं या घटकेला तिच्या तळहातात निवांत झोपलं होतं. सासूचा धाक वाटणं तिला सवयीचं होतं. आज जे वाटलं ते वेगळंच होतं. तान्हं मूल पहिल्यांदा हातात घेताना वाटतं तसं, की आपल्या हातून काही होऊ नये.

तिचा हात बधिर व्हायला लागला तशी थोरली पलंगाच्या कडेला बसली. "दे."

देणं सोपं नव्हतं. डोकं क्षणभरही खाली जाता कामा नये. थोरलीनं आपला तळहात धाकटीच्या तळहाताखाली सरकवला, थोडा वेळ दोघींचे हात एकावर एक राहिले, मग धाकटीनं आपला हात अलगद काढून घेतला. सासूबाईंच्या श्वासात फरक पडला नाही.

"तुझा हात गरम आहे," थोरली हळूच म्हणाली. "म्हणून लाटा बसतात सैल. चीक पातळ होतो."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"मघाशी मी रागावले होते. पण छान आहेत गं. मला नाही जमणार तशा."

थोरलीनंतर तिच्या नवऱ्यानं धरलं. तो इतका गंभीर झाला होता की नाकावर माशी बसली तरी त्यानं ती हाकलली नाही. बायकोनं फुंकर मारून उडवली. आणि मग थोरल्याचा हात कापायला लागला. सकाळपासून धावपळ झालेली, त्यात त्याचा खांदा आधीच दुखरा. दोघी जावा वाटी, फडकी आवरायला मोरीकडे गेल्या होत्या. धाकटी परतली ती दारातच थांबली.

आत दोघे भाऊ होते. धाकटा पलंगाच्या दुसऱ्या कडेला येऊन बसला होता. थोरला त्याच्याकडे बघत नव्हता. हात कापतच होता. कुणाला तरी सांगावं, 'त्याला म्हणावं, धर,' तर खोलीत सांगायला कुणी नव्हतं.

धाकट्यानं आपला तळहात भावाच्या तळहाताखाली घातला.

"सोडू का?" थोरल्यानं विचारलं.

"थांब. अजून नको." धाकट्यानं बोटं नीट केली. "आता सोड."

"उजवीकडे जरा जास्त धर. ती बाजू जड लागते."

"कळलं. तुझा खांदा फार दुखतोय का?"

"दुखतोय जरा."

"मालिश करून घे आज."

"तू करशील?"

"करतो की. पण आधी हात मोकळा होऊ दे."

दारात धाकटीनं तोंडावर हात धरला. खडूची रेघ फरशीवर होती, पण फरशी खाली होती. तिच्या मागे थोरली येऊन उभी राहिली, तिनंही ऐकलं होतं. दोघी हलल्या नाहीत. आपल्याला इथं काही करायचं नाही, फक्त बघायचं आहे, हे दोघींना एकदमच कळलं. एका झोपलेल्या बाईनं, डोळेसुद्धा न उघडता, एवढं सगळं घडवून आणलं होतं.

ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं आणि पिवळं झालं. धाकटीची पाळी पुन्हा आली होती, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली.

मावशी दारात उभी राहिली. बुटकी, काटकुळी बाई, हातात लहानशी पिशवी. तिनं कुणाला काही विचारलं नाही, कुणाची ओळख करून घेतली नाही. तिची नजर थेट पलंगावर गेली आणि तिनं पहिलाच शब्द काढला तो असा, "उघडं डोकं? रुमाल कुठाय?"

"बांधायचा नाही म्हणून सांगितलंय, मावशी," थोरला म्हणाला. "टाके आहेत."

"मग लाटा कशावर राखल्या?"

"हातावर."

"कुणाच्या?"

थोरल्यानं भावाकडे पाहिलं. "सगळ्यांच्या."

मावशी पिशवी खाली ठेवून पुढे आली. पलंगाभोवती तिनं एक फेरी मारली, मान वाकडी करून, अगदी गिऱ्हाइकाचं डोकं तपासावं तशी. सकाळपासून जिच्यासाठी हे सगळं राखलं ती बाई आता बघत होती, आणि धाकटीनं हात आणखी स्थिर धरला. मावशी डाव्या बाजूला थांबली. तिथून हलेना.

"ही बाजू कुणी घातली?"

"मी," धाकटी म्हणाली. "माझ्या सैल बसतात. आईंना आवडत नाहीत."

"कुणी शिकवलं तुला?"

"अशा कुणीच नाही. हात आपला तसाच पडतो."

मावशीनं उजवी बाजू पाहिली. "आणि ही?"

"मी," थोरली म्हणाली.

"ते सांगायची गरज नाही. हा तिचा हात आहे, आंधळ्यालासुद्धा ओळखू येईल." मावशीचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि डावीकडचा हात माझा आहे. तेव्हा हे असंच दिसायचं. अगदी असंच." ती खाली वाकली, मानेच्या वर दोन्ही लाटा मिळाल्या होत्या तिथपर्यंत. "इथंच मिळायच्या."

धाकटीला उलगडा झाला. माझा हात नकोय, असं सासूबाई सकाळी का म्हणाल्या ते, आणि इतकी वर्षं आपल्या लाटा बघितल्या की त्या तोंड का फिरवायच्या तेही. तिचे डोळे भरले आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"उठवू का त्यांना?" थोरलीनं विचारलं.

"नको." मावशी पलंगाच्या कडेला बसली, बाही मागे सारली. "आता पाळी कुणाची आहे?"

मावशीनं आपला तळहात धाकटीच्या तळहाताखाली सरकवला. धाकटी दचकली, कारण तो हात बर्फासारखा गार होता. दोघींचे हात क्षणभर एकावर एक राहिले. मग धाकटीनं आपला काढून घेतला आणि तो गार तळहात सासूबाईंच्या मानेला टेकला.

सासूबाईंच्या पापण्या हलल्या. उघडल्या मात्र नाहीत.

"आलीस," त्या म्हणाल्या.

"आले. डोळे उघड."

"मोडल्यात का लाटा?"

"एकही नाही."

सासूबाईंनी हळूच एक लांब श्वास घेतला, आणि मानेचा सगळा भार त्या गार हातावर सोडून दिला.

"मग मला अजून थोडं झोपू दे," त्या म्हणाल्या. "आणि तू सोडू नकोस."